गोष्टीतली भिंत, घरातली भिंत

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या वाचक लहान मुलांसाठी गोष्टी लिहितात. काही मासिकांत छापूनही आल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या एकत्र घराची वाटणी झाली आणि अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्यांची मुलगी आणि धाकट्या जाऊबाईंची मुलगी एका ताटात जेवणाऱ्या. त्या दोन घरांत गेल्या. त्यावर ताईंनी १९०० शब्दांची ‘भिंत’ ही गोष्ट लिहिली आणि सगळ्यांची नावं बदलली. तरी जाऊबाईंनी ती वाचली आणि तेव्हापासून बोलणं टाकलंय. नवरा म्हणतो, सोडून दे तो विषय. एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार आहेत, पण ५०० प्रतींसाठी ४५ हजार रुपये मागतात. शिवाय शेवटी भिंत पाडलेली दाखवा आणि तात्पर्य घाला, असंही म्हणतात. ताई विचारतात, “लेखकानं खरं लिहायचं नाही का? गोष्टीसाठी नातं सोडू, की नात्यासाठी गोष्ट?” हस्तलिखित सोबत जोडलं आहे.

ताई,

तुम्ही ‘गोष्ट की नातं’ असा पेच मांडलाय. हस्तलिखित वाचल्यावर तो पेच मला तितकासा पटला नाही. जाऊबाईंना लागली असतील अशा वाक्यांवर मी वाचताना खुणा करत गेले, आणि गोष्ट जिथे कच्ची आहे त्या जागांवरही. दोन्ही खुणा जवळजवळ सगळीकडे एकाच ओळीवर आल्या. म्हणजे गोष्ट चांगली करण्यासाठी जे काढावं लागेल, तेच घरातल्या भांडणाचं मूळ आहे. म्हणून आधी गोष्टीचंच बघू.

तुमची गोष्ट सात वर्षांची मनी सांगते. पण तिसऱ्या पानावर हे येतं: “वाटणीच्या दिवशी काकूने हिश्श्यासाठी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पैशापुढे नाती हरली.” हे मनी बोलत नाहीये. हिस्सा म्हणजे काय हे सात वर्षांच्या मुलीला ठाऊक नसतं, आणि ‘पैशापुढे नाती हरली’ हे तर दिवाणखान्यात बसलेल्या मोठ्या माणसाचं वाक्य आहे. इथे मनीच्या तोंडून तुम्ही बोलताय. जाऊबाईंनी ते बरोबर ओळखलं. काकूचं नाव ‘सुमन’ केलं काय नि ‘कमल’ केलं काय, फिर्याद कोणाची आहे हे लपत नाही.

आता तुमच्याच पुढच्या पानावरची एक जागा बघा. गवंडी दोरी लावतात आणि ती दोरी मनी आणि तिची चुलत बहीण सुमी यांच्या ठिक्करीच्या रेघेवरून जाते. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. ती जागा उलगडली तर साधारण अशी होईल:

“गवंडीमामांनी दोरी लावली. दोरी बरोबर आमच्या ठिक्करीच्या रेघेवरून गेली. ‘इकडची बाजू माझी,’ सुमी म्हणाली. ती रोज तसंच म्हणायची. संध्याकाळपर्यंत विटांचे चार थर झाले. आम्ही त्यावरून उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सात थर झाले. सुमीला उडी जमली नाही.”

यात काकू नाही, हिस्सा नाही, रडणारी आजी नाही. तरी वाचणाऱ्या मोठ्या माणसाला सगळं कळतं, आणि ज्या मुलाच्या घरी असं काही झालंय त्याला तर फारच कळतं. चित्रकारालाही इथे काम मिळतं: पान उलटलं की भिंत दोन-तीन थरांनी वाढायची. तुमच्या हस्तलिखितातला प्रत्येक परिच्छेद या चाळणीतून काढा. समासात लिहा, ‘हे मनीला दिसलं का, ऐकू आलं का, तिच्या हाताला लागलं का?’ तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर परिच्छेद बाहेर. ऐकू आलेलं असेल तर ते मुलाच्या कानावर पडतं तसं अर्धवटच लिहा. माझा अंदाज आहे की १९०० पैकी सातशे-आठशे शब्द सहज गळतील.

माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच या नजरेनं पुन्हा उघडून बघा. (त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.) घरातल्या माणसांची ओळख राधा करून देते आणि मोठ्यांबद्दल आपल्याला कळतं ते राधाला दिसेल तेवढंच. लेखिका मधे येऊन कोणाला चांगलं-वाईट ठरवत नाही. एवढं साधं दिसणारं लिहायला किती काटछाट लागते, ते एखादं पान वहीत उतरवून काढलंत की कळेल.

“लेखकानं खरं लिहायचं नाही का?” लिहायचंच. फक्त खरं म्हणजे झालेलं सगळं, असं नाही. अमेरिकेतल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी स्वतःच्या लहानपणावर, स्वतःच्या आईवडिलांवर आणि बहिणींवर पुस्तकं लिहिली. पहिलं १९३२ साली आलं तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या. त्यांचा एक धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा होऊन १८७६ मध्ये गेला. तो त्या पुस्तकांत कुठेच नाही. आणि वाचकांना जिचा मनापासून राग येतो ती तोरेवाली नेली ओल्सन ही कुणी एक मुलगी नव्हती. लॉराच्या लहानपणी भेटलेल्या तीन वेगवेगळ्या मुलींची मिळून ती झाली. ही युक्ती तुमच्या कामाची आहे. गोष्टीत काकू हवीच असेल तर ती तीन घरांतून आणा: एकीची बोलण्याची लकब, दुसरीचं काम, तिसरीची एखादी सवय. शिवाय तिला एक चांगली गोष्ट करायला द्या. हे जाऊबाईंची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. मुलाच्या नजरेला काकू कधीच नुसती वाईट दिसत नाही. तीच काकू वेणी घट्ट घालते आणि तीच शिऱ्याची खरवड देते.

नावं बदलणं हा सर्वांत कमी उपयोगाचा बदल आहे. गावात माणूस ओळखला जातो तो खुणांच्या जुळणीवरून. तुमच्या गोष्टीत दोन भाऊ, धाकट्याचा ट्रॅक्टर, परड्यातला पेरू, पायानं अधू आजोबा आणि बाजारपेठेमागचं घर असं सगळं एकत्र आलंय. यातल्या एखाद-दोन गोष्टी ठेवा, बाकीच्या बदला. आणि वाटणी का झाली ते कारण गोष्टीतून पूर्णच काढा. मुलीला ते माहीत नसणं हीच तर तिची अडचण आहे.

आता ज्याबद्दल पत्रात एक ओळही नाही त्याबद्दल. जाऊबाई, दीर, नवरा, प्रकाशक, सगळ्यांची मतं तुम्ही लिहिलीत. त्या दोन मुलींचं काय? तेव्हा सात-सहा वर्षांच्या असतील, तर आज त्या दहा-नऊच्या आहेत. पुस्तक निघालं, त्यांच्या शाळेत गेलं, आणि वर्गातलं कोणी म्हणालं, “ही तुझ्या घरची गोष्ट ना?” तर? मोठ्यांचं नाव झाकलं जावं याची चिंता सगळे करतायत, पण वर्गात रोज बसायचंय ते या दोघींना.

तुमच्या मुलीला विचारा. “छापू का?” असं मात्र नको, कारण आईला बरं वाटावं म्हणून मुलं ‘हो’ म्हणतात. “यातलं काय वर्गात कोणी मोठ्यानं वाचलं तर तुला आवडणार नाही?” असं विचारा, आणि ती जे सांगेल ते वाद न घालता काढा. पुतणीला मात्र परस्पर विचारायचं नाही. तिला विचारायचं ते तिच्या आईच्या परवानगीनं. म्हणजे जाऊबाईंकडे जाण्याचं एक खरं, मानाचं कारण तुमच्याकडे आहे: ‘माझ्या गोष्टीला हो म्हण’ यासाठी नव्हे, ‘तुझ्या लेकीला यातलं काही लागेल का, ते तू बघ’ यासाठी.

जाताना जुना मसुदा नेऊ नका. नव्यानं लिहिलेला, स्वच्छ छापलेला न्या आणि सोबत पेन्सिल द्या. “जे खटकेल त्याखाली रेघ मार” एवढंच म्हणा. नवऱ्याच्या किंवा दिरांच्या हाती पाठवू नका. पुरुषांमार्फत गेलं की ते पुन्हा वाटणीचं बोलणं होतं. सणवार, लग्नकार्य टाळा, पंधरा दिवस द्या, मधे आठवण करू नका. आणि पाळता येईल तेवढाच शब्द द्या. ‘रेघ मारलेलं प्रत्येक वाक्य मी बदलेन’ हे तुम्ही पाळू शकता. ‘तू नको म्हणालीस तर कधीच छापणार नाही’ हे मनात नसेल तर तोंडातून काढू नका. जुना मसुदा लागणारा होता, हेही सरळ सांगा. त्यात कमीपणा नाही.

त्यांनी तरीही संपूर्ण नकार दिला तर? नवा मसुदा गावाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या आणि बघा, त्याला त्यात एखादं विशिष्ट घर दिसतं का. त्याला दिसणार नाहीच. म्हणून गावातल्याही एखाद्या विश्वासाच्या बाईला द्या. तिनंही ओळखलं नाही तर ती गोष्ट आता तुमची आहे, छापायला हरकत नाही असं माझं मत. तिनं ओळखलं तर थांबा. मुली मोठ्या होईपर्यंत थांबलेल्या गोष्टीचं काही बिघडत नाही.

प्रकाशकांनी सुचवलेल्या शेवटाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय: तो शेवट घेऊ नका. दोन मुलींच्या मैत्रीमुळे मोठ्यांचे डोळे उघडले, भिंत पडली, सगळे एकत्र जेवायला बसले. वाचायला गोड आहे. पण ज्या मुलाच्या घरातली भिंत पडलेली नाही, ते हे वाचून काय समजेल? आपण पुरेसे चांगले वागलो नाही, म्हणून काका आणि बाबा बोलत नाहीत. मोठ्यांचं भांडण मिटवण्याची जबाबदारी आपण नकळत सात वर्षांच्या मुलीवर टाकतो. मैत्रीच्या आणि घराच्या गोष्टींत हा दोष वारंवार दिसतो, आणि तो चांगल्या हेतूनं येतो म्हणून चटकन कळत नाही.

शेवट मुलीच्या हाताला येईल एवढाच ठेवा. मनी भिंत पाडू शकत नाही. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ठिक्कर आखता येते. एकीनं खापरी टाकायची, दुसरीनं आवाजावरून ती ठिक्करीच्या कोणत्या घरात पडली ते ओळखायचं, आणि ओळखलं की खापरी भिंतीवरून परत फेकायची. नियम बदलतो, खेळ चालू राहतो. भिंत तिथेच आहे. यात खोटं काही नाही आणि मूल रिकाम्या हातानंही परत जात नाही. तुम्हाला याहून चांगलं सुचेल. मुलींनाच विचारलंत तर नक्कीच.

तात्पर्याचा आग्रह मात्र प्रकाशकांनी उगाच धरलेला नाही. शाळांसाठी खरेदी करणारे लोक ‘यातून मुलांनी काय घ्यावं’ असं विचारतात. पण ते गोष्टीच्या शेवटच्या पानावर आलं की मोठी माणसं तेवढंच ठासून वाचतात आणि मुलं पुढच्या वेळी पुस्तक हातात घेत नाहीत. मधला मार्ग आहे. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी पाच-सहा ओळी द्या, त्याही प्रश्नांच्या रूपात: तुमच्या घरात कोणती जागा दोघांची आहे? एखादा खेळ लांबून कसा खेळता येईल? बहुतेक प्रकाशक याला तयार होतात.

पुस्तकाच्या रचनेकडे वळू. सहा ते आठ वयासाठी चित्रांच्या पुस्तकात १९०० शब्द फार होतात. ८०० ते ९०० पुरे. मोठ्यानं, सावकाश वाचायला तेवढ्याला आठ-नऊ मिनिटं लागतात. २४ पानांचं पुस्तक धरा. मधे पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असतात. पान १ नावाचं, पान २ श्रेय आणि हक्कांचं. गोष्ट पान ३ वर सुरू होते, मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं मिळतात आणि २४ वर शेवट. म्हणजे एकूण बारा जागा, एका जागेला साधारण ७० ते ७५ शब्द. कागदावर हे कळत नाही, म्हणून डमी करा: ए-फोरचे सहा कागद एकात एक घालून मधे दुमडा, की २४ पानं झाली. मजकूर कापून त्यावर चिकटवा. उजवं पान संपताना पुढे काय होईल असं वाटायला हवं. तुमच्या गोष्टीत भिंतीचे थर ते काम आपोआप करतील. शेवटची खेळाची जागा २२-२३ वर येऊ द्या. पान २४ वर जमलं तर एकही शब्द नको, फक्त चित्र.

चित्रात जे दिसणार ते मजकुरात लिहू नका. “भिंत लाल विटांची होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं” हे वाक्य चित्रकाराचं आहे. उलट जे चित्रात येऊ शकत नाही, म्हणजे आवाज, वास, मनातला हिशेब, ते तुमचं. चित्रकाराला वेगळ्या कागदावर प्रत्येक जोडपानाच्या दोन ओळी द्या, त्याहून जास्त नको. कोण कुठे उभं आहे, साडीचा रंग कोणता, असं बांधून टाकलं की चित्रं निर्जीव होतात. आणि स्वतःच्या घराचे फोटो संदर्भ म्हणून मुळीच देऊ नका. एवढं बदलून लिहिलेलं घर चित्रातून परत ओळखू येईल.

अक्षर १६ ते १८ पॉइंट, ओळींत मोकळी जागा, कारण रफार, वेलांट्या, उकार एकमेकांत अडकले की नवीन वाचणारं मूल तिथेच थबकतं. ओळ अर्थ तुटेल तिथे तोडायची, शब्द तर कधीच तोडायचा नाही.

मसुदा तयार झाला की तो स्वतः वाचून दाखवू नका. कच्च्या जागा तुम्ही आवाजानं सांभाळून घेता. गोष्ट आधी न पाहिलेल्या कोणाला तरी पाच-सहा मुलांसमोर वाचायला सांगा. मुलं तुमच्या घरातली नकोत. तुम्ही मागे बसून दुसऱ्या प्रतीवर खुणा करा: वाचणारा अडखळला तिथे एक, मुलांची नजर हलली तिथे दुसरी. नंतर ‘आवडली का?’ विचारू नका, ‘आवडली’ हेच उत्तर येतं. ‘सुमी आता काय करत असेल?’ असं विचारा. मुलं लगेच बोलू लागली तर सुमी जिवंत आहे.

आता ४५ हजारांबद्दल. ५०० प्रतींना भागलं तर प्रत ९० रुपयांना पडते. २४ पानांच्या मराठी पुस्तकाची किंमत १००-१२० च्या वर नेली तर ते सहसा हलत नाही, आणि विक्रेत्याचं तीस-चाळीस टक्के कमिशन गेल्यावर प्रत्येक प्रतीमागे तुमचा तोटाच होतो. पैसे तुम्ही देणार असाल तर व्यवहार छपाईचा आहे, प्रकाशनाचा नाही, आणि मग हे प्रश्न लेखी विचारा: प्रती कोणाच्या मालकीच्या, कुठे ठेवणार, विक्री कोण करणार, हिशोब किती महिन्यांनी, चित्रकाराला कोण आणि किती देणार? खर्चाच्या यादीत ‘आयएसबीएन शुल्क’, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं शुल्क, असेल तर त्यावर बोट ठेवा. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो.

पैसे न देता कोणी छापायला तयार झालं तरी कोऱ्या कराराला सही नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं तर ते खोडून मुदत घाला. चित्रांचे हक्क कोणाकडे, हेही स्वतंत्र लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अडतं.

माझा सल्ला विचाराल तर पुस्तकाची घाई नको. गोष्ट आधी मासिकाकडे पाठवा: बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, ‘वयम्’ आहे, त्याहून लहान मुलांसाठी ‘चिकूपिकू’ आहे. तिथे पैसे भरावे लागत नाहीत आणि संपादकाची नजर मिळते. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर गोष्ट स्वतः चढवता येते आणि ती दूरवर पोचते, पण तिथला परवाना खुला असतो: तुमचं नाव देऊन कोणीही ती भाषांतरित करू शकतं, बदलू शकतं, विकूही शकतं. घरातून आलेली गोष्ट तिथे टाकायची तर जाऊबाईंचं आणि मुलींचं सगळं पक्कं झाल्यावरच, कारण पसरलेल्या प्रती परत गोळा करता येत नाहीत. या गोष्टीसाठी मी मासिकच निवडेन.

पाठवताना सोबतचं पत्र सहा-सात ओळींचं ठेवा: वयोगट, शब्दसंख्या, गोष्ट दोन वाक्यांत, आधी कुठे छापून आलात ते. ‘ही माझ्या घरी घडलेली सत्यकथा आहे’ हे त्यात लिहू नका. संपादक ते परिचयात छापतात आणि मग सगळं झाकलेलं उघडं पडतं. एका वेळी एकाच मासिकाकडे पाठवा, तीन महिने वाट पाहा, मग एकदा विचारणा करा. उत्तर आलं नाही तर तसं कळवून दुसरीकडे पाठवा.